कुमुदताईंची उजवी बाजू

सई आज सकाळी पुण्याला परत गेली. पोचल्यावर फोन करते म्हणाली होती. अजून आलेला नाही. वसतिगृहाजवळच्या एसटीडी बूथवर रांग असते, कधी बूथवालाच लवकर शटर ओढतो, हे सगळं मला माहीत आहे. हे केव्हाच झोपले. मला झोप येत नाही, आणि भिंतीपलीकडून कुमुदताईंच्या टीव्हीचा आवाज येतो आहे. तेव्हा त्यांच्याविषयीच लिहावं म्हणते.

आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो ते एकोणनव्वद साली. इमारतीत निम्मी घरं रिकामी, जिन्यात दिवे नाहीत, समोर भाताची खाचरं बुजवून ओतलेला मुरूम. यांची कंपनी तळोज्याला; पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. सई लहान. आमच्या मजल्यावर उघडं दिसणारं दुसरं दार एकच, कुमुदताईंचं. त्या आणि त्यांचे वडील, अण्णा, अशी दोनच माणसं तिथं राहत.

कुमुदताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. चाळिशीला टेकलेल्या, उंच, किंचित वाकून चालणाऱ्या. आवाज असा, की पलीकडच्याला वाटावं ही बाई आपल्याला कधीपासून ओळखते. पनवेलच्या कितीतरी व्यापाऱ्यांना तो आवाज पाठ होता, पण रस्त्यात त्यांना कुणी ओळखत नसे. एकदा कापडाच्या दुकानात त्या नुसतं ‘निळ्यातलं दाखवा’ म्हणाल्या, तर दुकानदार चमकून मान वर करून म्हणाला, “अहो, तुम्ही ट्रंककॉलवाल्या बाई ना?” ही गोष्ट त्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी परत सांगितली.

अण्णा कोर्टात कारकून होते. सगळं रीतसर व्हावं असा त्यांचा स्वभाव. त्यांचं मूळ गाव उरणच्या बाजूला, चिरनेरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी. तिथं देवीचं देऊळ आहे, आणि घरातलं काहीही ठरवायचं असलं की अण्णा त्या देवीचा कौल घेत. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही खांद्यांशी एकेक ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कुमुदताईंनी नोकरी धरावी का, हे देवीला विचारलं होतं, उजवी पडली. हे घर घ्यावं का, उजवी. मधल्या काळात जी स्थळं आली, त्यांना डावी.

“प्रत्येक वेळी डावीच?” मी एकदा विचारलं.

“एकदा उजवी पडली होती,” त्या म्हणाल्या. “पण तोवर त्या मुलानं दुसरीकडे जमवलं. त्याची देवी आमच्यापेक्षा घाईतली असणार.” आणि हसल्या.

कौल लावताना बायका सभामंडपातच थांबायच्या. तिथून गुरवाची पाठ तेवढी दिसे. आतून ‘उजवी दिली’ किंवा ‘डावी दिली’ असा पुकारा बाहेर येई, आणि कुमुदताईंना आपलं पुढचं कळे. दोन्ही पाकळ्या चिकटलेली देवी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

त्यांचा धाकटा भाऊ भरत बोटीवर इंजिनीयर होता. त्र्याण्णव साली पावसाळा संपता संपता त्याची बोट न्हाव्याच्या बंदराला लागली, तेव्हा त्यानं जपानहून एक व्हिडिओ गेम आणला. आणला होता पुण्यातल्या आपल्या मुलासाठी, वरदसाठी. पण वरदला त्याच्या मामानं आधीच दुसरा, जास्त चांगला घेऊन दिला होता. म्हणून तो खोका पनवेलला राहिला. त्याच्याबरोबर कॅसेट एकच. जपानच्या विजेवर चालणारं यंत्र, त्याला जड ट्रान्सफॉर्मर लावावा लागे, तो तापून गुणगुणत राही. रंगीत टीव्हीवरसुद्धा चित्र काळंपांढरंच दिसे. का, ते दुरुस्तीवाल्यालाही सांगता आलं नाही.

सई तेव्हा पाचवीत होती. तिच्या मैत्रिणींकडच्या गेममध्ये नुसती उड्या मारणारी माणसं नाहीतर रणगाडे असत. हा निराळा होता. यात गोष्ट होती. एक लांब केसांची मुलगी गावोगाव फिरते, लोक तिच्याशी बोलतात, खाली चौकटीत जपानी अक्षरं उमटतात. ती आम्हाला कुणालाच वाचता येत नव्हती. सईनं मुलीचं नाव वेणू ठेवलं. आणि आभाळ फाटून त्यातून एक मोठा चेहरा वेणूशी बोलायला येई, त्याचं नाव ठेवलं ‘वरचा’.

कुमुदताई सकाळच्या पाळीहून दुपारी घरी येत, अण्णा आतल्या खोलीत झोपलेले असत, आणि सई शाळेतून थेट तिकडे. डोळे जातील, गणित बुडेल, या काळजीनं मीही भाजी निवडायला घेऊन तिथं बसू लागले. त्यामुळे पहिल्यांदा वरचा आला तेव्हा मी होते. तो बरंच काही बोलला. मग चौकटीत दोन शब्द शेजारी शेजारी उमटले आणि एक छोटा बाण त्यांच्यापाशी येऊन थांबला.

“हा काहीतरी विचारतोय,” सई म्हणाली.

“दोनच उत्तरं आहेत म्हणजे हो नाहीतर नाही,” कुमुदताई म्हणाल्या, आणि त्यांनी बाण उजवीकडे नेऊन बटण दाबलं. मला वाटतं, विचारसुद्धा केला नाही. देवासारखं कुणीतरी विचारतं आहे, तर उजवी म्हणजे हो.

वरच्यानं तेच सगळं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच दोन शब्द. कुमुदताईंनी पुन्हा उजवी दाबली. पुन्हा तेच.

“बहिरा आहे का हा?” सई वैतागली. “मावशी, डावीकडे दाब ना.”

“डावी म्हणजे नाही.”

“मग नाही म्हण! काय करणार आहे तो?”

कुमुदताई थोड्या थांबल्या. मग त्यांनी डावी दाबली. आभाळ मिटलं, वेणूच्या समोरचं दार उघडलं आणि ती चालू लागली. सईनं टाळ्या पिटल्या. कुमुदताई मात्र हातातल्या खेळाच्या रिमोटकडे बघत राहिल्या.

“प्रमिला, बघितलंस?” त्या मला म्हणाल्या. “याला नाही म्हटलं की हा वाट सोडतो.”

पुढं प्रत्येक वेळी तसंच झालं. वरचा यायचा, विचारायचा. उजवी दाबली तर तेच तेच घोकायचा, डावी दाबली की रस्ता मोकळा. मग त्या दोघींनी त्यावर गोष्ट रचली. वरच्याला वेणूकडून काहीतरी वाईट करून घ्यायचं आहे, आणि वेणू दर वेळी त्याच्या तोंडावर नाही म्हणते. एकच गोष्ट त्यांना खटकायची. वेणू ज्या गावातून पुढं जाई, तिथली माणसं नंतर थिजल्यासारखी उभी राहत. त्यांच्याशी बोललं तर चौकटीत काहीच उमटत नसे.

“वरच्यानं राग काढला त्यांच्यावर,” कुमुदताई सांगत. “हिनं ऐकलं नाही म्हणून.”

“पण गावानं काय केलं होतं?”

“काही नाही. असंच असतं.”

डावी दाबताना कुमुदताईंचा चेहरा बदलायचा. एक्स्चेंजमध्ये दिवसभर ‘हो साहेब, जोडते साहेब’ म्हणणाऱ्या, घरी ‘बरं अण्णा’ म्हणणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर एक चोरटी मजा येई. कधी सई तिकडे नसतानाही खेळाचा आवाज भिंतीतून ऐकू यायचा.

पंचाण्णव साली भरतनं बोटीवरची नोकरी सोडली आणि तो पुण्यात कायमचा राहायला आला. नव्या घराची बातमी घेऊन पनवेलला आला तेव्हा मी तिथंच चहा गाळत होते.

“ताई, आता पुरे इथलं,” तो म्हणाला. “अण्णांचे पाय असे. तू दिवसभर बाहेर. हे घर बंद करू आणि दोघं तिकडे चला. घरात चार माणसं असली की बरं असतं.”

“चार माणसांचा स्वयंपाक कोण करतं सध्या?”

“सध्या बाई येते. तू आलीस की ती काय करायची आहे!” तो हसत म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाईट माणूस नाही तो.

“आणि माझी नोकरी?”

“अगं, आता सगळं आपोआप लागतं. लोक घरून थेट दिल्लीला फोन लावतात. ऑपरेटर हवी आहे कुणाला?”

कुमुदताईंनी त्याच्यापुढं चहा ठेवला. संध्याकाळी त्या मला वडाळे तलावाकडे फिरायला घेऊन गेल्या. त्या रोज एकट्याच तिथं एक फेरी मारत. बरोबर बोलावलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. कठड्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “तुला वाटेल हिला इथं आहे काय! नवरा नाही, मूल नाही. पण सकाळी मी माझं दार ओढून घेते आणि दुपारी माझ्या किल्लीनं उघडते. तिकडे मी दिवाणखान्यात झोपणार. सगळ्यांचं आवरल्यावर दिवा मी बंद करणार, आणि सगळ्यांच्या आधी मीच लावणार. मला जायचं नाही, प्रमिला.”

“मग सांगा ना तसं अण्णांना.”

“अण्णा म्हणालेत, देवीला विचारू.”

रविवारी भरत गाडी घेऊन आला. गाडीत जागा होती म्हणून मीही निघाले. देवीची ओटी भरायची होती, आणि खरं म्हणजे सईबद्दल विचारायचं होतं. ती अभ्यासात मागं पडली होती आणि मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. वाटेत कुमुदताई खिडकीबाहेर बघत होत्या. मिठागरं, मग भाताची शेतं, मग डोंगर. ओठ हलत होते. बहुतेक डावी, डावी म्हणत असतील.

देवळाच्या पायऱ्यांवर अण्णांचे पाय लटपटले. एका बाजूनं भरतनं धरलं, दुसऱ्या बाजूनं कुमुदताईंनी. त्या तशाच धरून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. अण्णांना सोडून मागं येणं शक्यच नव्हतं. शिवा गुरवानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही. मी ओटी घेऊन त्यांच्या मागं उभी होते, त्यामुळे त्यांच्या खांद्यावरून मला आतलं सगळं दिसत होतं. शेंदूर माखलेली देवी, मोठे चांदीचे डोळे, दोन खांद्यांशी दोन पांढऱ्या पाकळ्या.

शिवानं गाऱ्हाणं घातलं. म्हातारा आणि त्याची लेक पुण्याला लेकाकडं ऱ्हायला जातील का, बरं होईल का, तुजं काय म्हननं हाय तं सांग. समईची वात तडतडली. बऱ्याच वेळानं एक पाकळी ओघळली आणि खाली पडली. आमच्या डाव्या हाताची. कुमुदताईंचा खांदा एकदम सैल झालेला मला दिसला. त्यांनी श्वास सोडला.

“उजवी दिली!” शिवा म्हणाला.

“डावी पडली ना?” कुमुदताई बोलून गेल्या. देवळात त्यांचा आवाज मोठा वाटला. “मी बघितली. ही, डावीकडची पडली.”

“ताई,” भरत दबक्या आवाजात म्हणाला, “देवीपुढं वाद नको.”

“वाद नाही घालत. डोळ्यांनी बघितलं ते सांगते.”

शिवा समजुतीनं हसला. “बाय, तू तिच्यासमोर उबी हायस. तुजी डावी ती तिची उजवी. कौल देवीच्या हातानं धरायचा. तुज्या हातानं नाय.”

“आत्तापर्यंतचे सगळे असेच धरले?”

“मंग? आमी मानसाच्या बाजूनं कदी बगत नाय.”

कुमुदताईंनी देवीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“शिवादादा,” त्या म्हणाल्या, “पुण्याला जायचं कुणाला आहे? तिला का मला?”

अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. “कुमुद, पुन्हा लावू सांग. पुन्हा लावता येतो. डावी पडली तर मी काही म्हणणार नाही.”

“नको अण्णा. पुन्हा लावून काय? उजवी पडली तरी मी यायची नाही.” मग हळूच म्हणाल्या, “माझ्या बाजूनं डावी पडली. तेवढं पुरे मला.”

मी ओटी भरली. सईबद्दल विचारायचं ते विचारलं नाही. शिवानं “तुमचं काय हाय, वयनी?” म्हणून विचारलंसुद्धा, मी मान हलवली. परत येताना गाडीत फक्त अण्णांचा खोकला होता.

पंधरवड्यात भरत अण्णांना घेऊन गेला. जाताना अण्णा कुमुदताईंशी बोलले नाहीत. त्यांचा तांब्या, काठी, उशी गाडीत ठेवताना कुमुदताई एकेक वस्तूचं नाव सांगत होत्या आणि ते समोरच्या काचेकडे बघत होते. त्यानंतर दर रविवारी त्या पुण्याला फोन लावत. भरतची बायको म्हणे, “अण्णा झोपलेत.” कधी मागं अण्णांचं बोलणं ऐकू येत असे, तरी झोपलेले असत. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेली ती बाई रिसीव्हर खाली ठेवायची आणि आमच्याकडे येऊन म्हणायची, “सईला पाठव गं जरा.”

महिन्या-दोन महिन्यांनी त्या जाऊनही येत. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले. सत्त्याण्णवच्या थंडीत, त्यांच्या शेवटच्या भेटीत, अण्णांनी तोंड न वळवता विचारलं, “जेवलीस का?” त्या म्हणाल्या, “हो.” इतकंच. जेवल्या नव्हत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. दोन वर्षांनी विचारलं, त्यात नाही कसं म्हणायचं! अण्णा गेल्यावर भरतचं येणंही थांबलं.

मग घरात फक्त त्या आणि तो गेम. एक्स्चेंजमध्ये त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं होतं; तिथं लोक फक्त रागावून बोलत. दुपारी येऊन त्या ट्रान्सफॉर्मर लावत. खेळ जिथं सोडला तिथून पुढं सुरू व्हायची सोय त्या कॅसेटमध्ये होती, आणि अशा करत करत वेणू शेवटाला पोचली. एक उंच जिना, त्याच्या टोकाशी वरचा, या वेळी नुसता चेहरा नव्हे, पुरा. तो बोलला आणि त्यानं विचारलं. कुमुदताईंनी डावी दाबली. पडदा काळा झाला. खेळ पुन्हा जिन्याच्या खाली.

दहादा केलं तरी तसंच.

“मावशी, एकदा उजवी दाबून बघ,” सई म्हणाली. ती तेव्हा दहावीत होती. “कदाचित इथं उलटं असेल.”

“म्हणजे शेवटी त्याला हो म्हणू?”

“खेळच आहे गं.”

“खेळच आहे ना, मग विझू दे. इतकं चालून आली ती, त्याला हो म्हणायला?”

आणि त्यांनी खरंच कधी उजवी दाबली नाही. अधूनमधून जिना चढायच्या, डावी दाबायच्या, पडदा काळा झाला की टीव्ही बंद करून तलावाकडे जायच्या. सई हसायची. मला हसू येत नसे.

यंदा बारावीनंतर सईनं जाहीर केलं की ती पुण्याला जपानी शिकायला जाणार. मी बी.कॉम. आणि बँकेच्या परीक्षा धरून बसले होते. आठ दिवस घरात अबोला होता. शेवटी मी कुमुदताईंकडे गेले. म्हटलं, तुमच्या त्या खेळापायी हे झालंय, तुम्हीच समजवा.

“मी काय समजवू?” त्या म्हणाल्या. “तिला काय हवंय ते तिनं तुला सांगितलंय. तू कौल लावत बसू नकोस.” मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, “काळजी कर. ती करायला कुणी नको म्हणत नाही.”

सई गेली. दिवाळीला आली तेव्हा चकल्या तळताना मला म्हणाली, “आई, एक झालंय. ते दोन शब्द मला वाचता येतात आता.”

“कुठले?”

“वरच्याचे. डावीकडचा ‘हो’ आहे. उजवीकडचा ‘नाही’.”

माझा झारा हातातच राहिला. ती आठ वर्षं, ते सगळं चालणं, दर वेळची ती चोरटी मजा. त्या प्रत्येक वेळी वेणू हो म्हणत होती.

“सांगू नकोस त्यांना,” मी म्हटलं.

“का?”

“का म्हणजे? त्यांच्याजवळ दुसरं आहे काय?”

“आणि त्यांनी काय जाणायचं ते तू ठरवणार?” सई म्हणाली. रागानं नाही; नुसतं विचारलं. मी चकल्या काढत राहिले.

भाऊबीजेच्या दुपारी आम्ही दोघी फराळाचं ताट घेऊन गेलो. त्यांच्या ओट्यावर निरांजन, सुपारी, अक्षता काढलेलं तबक तसंच होतं. भरत आला नव्हता. सईनं यंत्र लावायला सांगितलं, जिना चढवला, आणि ते दोन शब्द उमटले तेव्हा पडद्याला बोट लावून सांगितलं.

कुमुदताईंनी दोन्ही शब्द पुन्हा बघितले.

“नक्की?”

“पहिल्याच आठवड्यात शिकवतात, मावशी.”

“म्हणजे ती गावं...” त्या थांबल्या. “राग नव्हता तो. त्यानं जे सांगितलं ते मीच करत आले. मी हो म्हटलं आणि माणसं थिजली.”

“तुला कुठं माहीत होतं!”

“आणि इथं वर येऊनसुद्धा, दर वेळी.” त्यांनी पदरानं रिमोट पुसला, उगीचच. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. “प्रमिला, हाही आपल्यासमोर तोंड करून उभा आहे बघ. आपली डावी ती त्याची उजवी. शिवानं सांगितलं होतं मला. माणसाच्या बाजूनं हे लोक बघत नाहीत.” त्या हसल्या, पण डोळे भरलेले होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, “पण अण्णांना तुम्ही नाहीच म्हणालात. ते काही उलटं होत नाही.”

“नाही होत,” त्या म्हणाल्या. “तिथं मी माझ्या तोंडानं म्हटलं.” “त्याची किंमतही मीच मोजते. हे घर बघ किती शांत आहे.”

वरचा पडद्यावर वाट बघत होता. कुमुदताईंनी बाण उजवीकडे नेला. त्यांचा अंगठा बटणावर टेकला आणि तिथंच राहिला. या बाजूला बोट न्यायचं म्हणजे हो, हे त्यांच्या हातात लहानपणापासून बसलेलं. तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं, दाबू नका, राहू दे. पण मी ते म्हटलं नाही.

त्यांनी दाबलं.

पडदा काळा झाला नाही. वरच्याचा चेहरा वाकडा झाला, कधी न ऐकलेलं संगीत सुरू झालं आणि वेणूनं पहिल्यांदा त्याच्यावर तलवार उचलली. कुमुदताई गोंधळून भराभर बटणं दाबत होत्या. “हे कुठलं गं? हे का लागत नाही?” “मावशी, आधी मागं हो!” “कुठं मागं, जिनाच संपला!” अर्ध्या मिनिटात वेणू पडली.

सईनं चुकचुक केलं. कुमुदताई मात्र पुढं सरकून बसल्या होत्या.

“हरले,” त्या म्हणाल्या. “आत्तापर्यंत नुसती विझत होते.”

आज सकाळी सईला एसटीत बसवून मी परत आले, तर त्यांचं दार लोटलेलं होतं. आत डोकावले नाही. आता भिंतीपलीकडून तेच संगीत येतं आहे. सुरू होतं, थोडा वेळ चालतं, तुटतं. मग जिना चढण्याचे ते बारीक सूर, थोडी शांतता, आणि पुन्हा सुरू. मघापेक्षा या वेळी जरा जास्त वेळ चाललं, असं मला वाटलं.

फोन अजून वाजलेला नाही.